मेंदी काढता छान, पण भिजवतं कोण?

पत्र थोडक्यात: इंदूरच्या सुदामा नगरात राहणारी ३६ वर्षांची वाचक. नवऱ्याची खासगी नोकरी, दोन मुलं शाळेत. मेंदीचा हात लहानपणापासून चांगला, त्यामुळे हरतालिका असो, मंगळागौर असो की डोहाळजेवण, ओळखीतल्या बायका तिलाच बोलावतात. आता यातून कमाई करावी असं तिच्या मनात आहे. ३५ हजारांचा एक ब्रायडल कोर्स करायचा आणि राजवाड्याजवळ छोटा गाळा भाड्याने घ्यायचा, असा बेत आहे. पण मागच्या दोन लग्नांत नवरीची मेंदी केशरीच राहिली आणि बोलणी खावी लागली. कोन ती बाजारातून तयार आणते. पार्लरवाली मैत्रीण म्हणते, थोडी काळी मेंदी मिसळ, नाहीतर स्वतःचे कोन बनवून दुकानात विकायला ठेव. सासूबाईंना सुनेनं रात्री परक्या घरी जाणं पसंत नाही. त्यातच मार्गशीर्षात मावसबहिणीचं लग्न आहे. नवरीसकट चाळीस पाहुण्या बायकांची मेंदी ‘घरचीच तर आहे’ म्हणून तिच्या गळ्यात पडली आहे. तिचा प्रश्न: आधी कोर्स करू की गाळा घेऊ? आणि पैसे किती सांगू?

तुमच्या पत्रात एक गोष्ट लगेच नजरेत भरली. नक्षीबद्दल कुणाचीच तक्रार नाही. बायका बोलावतात, पुन्हा बोलावतात. तक्रार आहे ती रंगाची. आणि ज्या कोर्सवर ३५ हजार घालायला तुम्ही निघाला आहात, तो शिकवणार आहे नक्षी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

म्हणून कोर्स की गाळा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मेंदी लावताना बाई नक्षीला ‘वा’ म्हणते, पण पैसे वसूल झाले की नाही हे ती तिसऱ्या दिवशी हात बघून ठरवते. तो रंग तुमच्या ताब्यात यायचा तर कोनात काय आहे हे तुम्हाला ठाऊक असायला हवं, आणि बाजारच्या कोनाचं ते कळायला काहीच मार्ग नाही. खरी भिजवलेली मेंदी बाहेरच्या हवेत दोन-तीन दिवसांत मान टाकते. मग दुकानाच्या फळीवर महिनोन्‌महिने पडून असलेला कोन रंगतो कसा? एक तर त्यात दुसरंच काही घातलेलं असतं, नाहीतर तो रंगतच नाही. तुमच्या त्या दोन लग्नांत बहुधा दुसरं झालं.

तेव्हा पहिलं काम: मेंदी स्वतः भिजवा. केसांची नको, हातासाठीची पावडर घ्या. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, तिला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण नुसतं ‘सोजत’ छापलेलं बघून किलोभर उचलू नका. आधी शंभर ग्रॅम आणा, भिजवा, स्वतःच्या तळहाताला लावून तीन दिवस थांबा. पावडर डोळ्यात भरेल इतकी हिरवीगार असेल तर तिच्यात हिरवा रंग मिसळला असण्याची शक्यता धरा. हाताला खरखर लागली तर वाळू किंवा देठांचा भुगा आहे.

एका वेळचं प्रमाण असं धरा: पावडर १०० ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, नीलगिरी किंवा लॅव्हेंडरचं शुद्ध तेल ३० मिली, आणि पाणी किंवा गाळलेला लिंबाचा रस मिळून २५० ते ३०० मिली. पावडर आधी शिफॉनच्या जुन्या ओढणीतून चाळा. साखर मिसळा, तेल घाला आणि पातळ पदार्थ सगळा एकदम न ओतता तीन चतुर्थांशच घाला. घट्ट गोळा झाला की त्याच्या अंगाला चिकटेल असं प्लास्टिक वर दाबून झाकून ठेवा. रंग सुटल्यावर उरलेलं पाणी थोडं थोडं घालत फेटा. चमच्यावरून मेंदी तुकड्यातुकड्यांनी न पडता रिबिनीसारखी सलग घसरली की पुरे. मग सगळी मेंदी नायलॉनच्या मोज्यातून पिळून गाळा. हा टप्पा बहुतेक जणी वगळतात, आणि ऐन नवरीच्या बोटावर कोन अडला की टाचणीनं टोक मोठं करतात. तिथून पुढची रेघ जाडच येते.

रंग सुटला की नाही, हे घड्याळापेक्षा तळहाताला विचारा. दर दीड-दोन तासांनी टिकलीएवढा थेंब तळव्यावर ठेवायचा, पाच मिनिटांनी पुसायचा. स्पष्ट केशरी डाग दिसला की मेंदी तयार. इंदूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीला टेकलेला असताना, पाण्यात भिजवलेली मेंदी साधारण चार-पाच तासांत तयार होते. पौषातल्या थंडीत तिलाच बारा तास लागतील, लिंबाच्या रसात त्याहूनही जास्त. उन्हाळ्यात रात्री भिजवून सकाळी कोन भरायची सवय असेल तर मेंदी रात्रीतच तयार होऊन उतरणीला लागलेली असते, आणि नवरीच्या हाताला ती लागते थेट संध्याकाळी. केशरी मेंदीचं हे नेहमीचं कारण. रंग सुटताक्षणी कोन भरा आणि फ्रीजरमध्ये टाका, तिथे ते काही महिने राहतात. कामाच्या दिवशी लागतील तेवढेच बाहेर काढा आणि उन्हाळ्यात बर्फाच्या डब्यातून न्या.

साखरेचं माप ऋतूप्रमाणे बदलायचं. साखरेनं मेंदी कातडीला धरून राहते, पण ती हवेतला ओलावाही ओढते. श्रावण-भाद्रपदात २५ ग्रॅम साखर घातलीत तर मेंदी तासन्‌तास वाळणार नाही, पदर लागला की फिसकटेल. पावसाळ्यात १५ ग्रॅमवर या. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत ३० पर्यंत जा, नाहीतर तासाभरात मेंदी तडकून गळते आणि खालचा रंग फिका राहतो. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचं, कारण लग्नसराई सोडली तर मेंदीचा बाकीचा हंगाम दमट दिवसांतच सुरू होतो. हरियाली तीज, मंगळागौरीचे मंगळवार, राखी, माहेश्वरी घरांतली सातुडी तीज, हरतालिका, आणि मग आपल्या अश्विन वद्य चतुर्थीला करवा चौथ. मराठी, हिंदी, मारवाडी अशी तिन्ही पंचांगं या गावात एकत्र नांदतात, हा तुमचा फायदा आहे. पुण्यातल्या मेंदीवालीला एवढे सण मिळत नाहीत.

तेलाबद्दल थोडं. बाजारात ‘मेहंदी का तेल’ म्हणून छोट्या बाटल्या मिळतात. त्यांवर घटक लिहिलेले नसतात आणि बऱ्याच बाटल्यांना रॉकेल-टर्पेंटाइनचा वास येतो. त्या घेऊ नका. नीलगिरीचं तेल औषधांच्या दुकानातून घ्या. डोहाळजेवणाला तेल वगळाच. पाणी, साखर, मेंदी एवढंच, त्याच दिवशी भिजवून वापरायचं. रंग थोडा कमी येईल, तसं आधी सांगायचं. आणि बारशाच्या बाळाच्या पायाला मेंदीची टिकली लावायचा आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं विकर कमी असतं, आणि अशा बाळांच्या तांबड्या पेशी मेंदीनं फुटल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. कुठल्या बाळात ते कमी आहे, हे वरून दिसत नाही.

या हिशेबानं शंभर ग्रॅम पावडरीत सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम मेंदी होते. मोज्याला आणि भांड्याला लागलेली वजा जाता २५ ग्रॅमचे सोळा कोन.

आता काळी मेंदी. मैत्रिणीचा हेतू वाईट नसेल, पण हे अजिबात करू नका. मेंदीच्या पानातला लॉसोन हा रंग केशरीतून तपकिरी आणि गडद लालसर तपकिरीपर्यंत जातो. काळा तो होतच नाही. काळ्या मेंदीच्या पुड्यांत पीपीडी असतं, म्हणजे केस काळे करायचं रसायन. कातडीवर ते तासन्‌तास राहिलं तर नक्षीच्याच आकाराचे फोड उठू शकतात, तेही कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी, लग्न होऊन पाहुणे पांगल्यावर. एकदा अंगाला त्याचं वावडं जडलं की सहसा जात नाही, आणि त्या बाईनं पुढे कधी केसांना कलप लावला तर डोक्यावर तोच प्रकार होतो. ‘अर्ध्या तासात काळीभोर’ म्हणणाऱ्या कोनांपासूनही लांब राहा. मेंदी गडद तर नवऱ्याचं प्रेम जास्त म्हणतात खरं, पण जावयाचं प्रेम वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेतलेली नाही.

उत्तम मेंदीही पहिल्या दिवशी केशरीच दिसते. रंग पुढच्या ४८ तासांत हवेनं पिकतो. त्यामुळे शनिवारच्या संध्याकाळी लावून रविवारच्या मुहूर्ताला गडद हात मागणाऱ्यांना तसं आधीच सांगा. लग्न रविवारी तर मेंदी शुक्रवारी. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे रंग गडद येतो. हाताच्या मागच्या बाजूला आणि दंडावर तो फिकाच राहतो. वॅक्सिंग, मॅनिक्युअर मेंदीच्या आधी उरका आणि त्या दिवशी हाताला क्रीम नको. मेंदी किमान सहा तास, जमल्यास रात्रभर राहू द्यावी, मग खरवडून काढावी. पाणी बारा तास तरी लावू नये. लिंबू-साखर मेंदी गळू नये म्हणून, तीही बोळ्यानं टिपून, ओतायची नाही.

मराठी लग्नात आणखी एक भानगड असते आणि ती कुणी विचारात घेत नाही: चुडा. कासार हिरव्या बांगड्या चढवताना हाताला साबणाचं पाणी लावतो आणि पंजा चांगला दाबतो. मेंदी त्याच दिवशी काढलेली असेल तर पिकायच्या आतच रंग धुऊन निघतो. चुडा दुसऱ्या दिवशी भरायला सांगा, आणि साबणाऐवजी खोबरेल तेल लावा म्हणावं. हळद लावतानाही तळवे सोडायला सांगा. शिवाय चुडा मनगटावरचा बराच भाग झाकतो, तेव्हा कोपरापर्यंतची भरगच्च मेंदी हवीच का, हे नवरीला प्रामाणिकपणे विचारा. पैसे थोडे कमी मिळतील, पण ती तुमचं नाव दहा जणींना सांगेल.

आता पैसे. पावडर, तेल, साखर-लिंबू, कोनासाठी सेलोफेन असे धरून शंभर ग्रॅमच्या एका वेळेला समजा २६० रुपये लागले, तर कोन पडतो सोळा-सतरा रुपयांना. हे आकडे नमुन्याचे, तुमच्या बिलांवरून तुमचे घाला. नवरीला पाच-सहा कोन पुरतात, म्हणजे सामान फार तर शंभरचं. खर्च होतो तुमच्या वेळेचा. नवरीचे हात-पाय सहा तास, जाणं-येणं दीड, भिजवणं-भरणं दोन, असे साडेनऊ तास. तासाचे दोनशे धरलेत तरी १९०० झाले, त्यात सामान १०० आणि रिक्षा ३००. म्हणजे २३०० च्या खाली गेलात की तुम्ही पदरचे घालताय. याच्यावर किती मागायचं ते तुमच्या हाताच्या सफाईवर आणि गिऱ्हाइकावर. पण बहुतेक जणी शेजारणीचा भाव विचारून त्यातून पन्नास कमी करतात, तसं करू नका.

पाहुण्यांचा हिशेब वेगळा. साध्या वेलीच्या एका हाताला, एका बाजूला, बारा मिनिटं धरा. स्वतःला घड्याळ लावून बघा, वीस लागत असतील तर आधी वेग वाढवा. प्लास्टिकच्या पारदर्शक शीटखाली नक्षी ठेवून वरून गिरवायची आणि पुसून पुन्हा गिरवायची, रोज अर्धा तास. मेंदीऐवजी घट्ट भिजवलेली मुलतानी माती भरलीत तरी चालतं, स्वस्त पडतं. हे दोन-तीन महिने करा. त्यानंतरही डोली-वरात, माणसांचे चेहरे अडत असतील तर तेवढंच शिकवणारी छोटी कार्यशाळा शोधा. आणि मोठ्या कोर्सवाल्यांना एक प्रश्न जरूर विचारा: मेंदी भिजवायला शिकवता का? उत्तर ‘कोन आम्ही देतो’ असं आलं तर पैसे जपून ठेवा.

मुंडावळ्या, अंतरपाट, सनई, तुळशीवृंदावन, नथीची ठेवण, हे तुम्हाला घरातून येतं. सेहरा घातलेला नवरदेव इथे सगळेच काढतात. मुंडावळ्यांचा नवरदेव हवा असलेल्या घरांना तुम्हीच लागणार.

गाळा नको. महिन्याचं भाडं बारा महिने जातं आणि मेंदी सणावारी चालते. शिवाय नवरी गाळ्यावर येत नाही, तुम्हालाच जावं लागतं. सणाच्या आदल्या दोन दिवसांपुरतं एखाद्या साडीच्या दुकानाच्या ओट्यावर किंवा पार्लरमध्ये बसा, मात्र मालकाचा वाटा आधी ठरवा. मैत्रिणीचं पार्लर त्यासाठी बरं. जाहिरातीला ओल्या मेंदीचे फोटो सगळेच टाकतात. तुम्ही गिऱ्हाइकाकडून तिसऱ्या दिवशीचा, दिवसाच्या उजेडातला हाताचा फोटो मागून घ्या आणि तो टाका.

सासूबाईंचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. लग्नघरी ‘सहा वाजता या’ म्हणतात आणि नवरी साडेआठला समोर बसते. मग रात्रीचे दोन वाजतात, घरी कोण सोडणार याचा पत्ता नसतो. ठरवतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या: तारीख, पत्ता, सुरुवातीची वेळ, हात किती लांब, पाहुण्या किती, तासाभरापेक्षा उशीर झाल्यास जादा पैसे, रात्री नऊनंतर थांबावं लागलं तर घरी पोचवायची जबाबदारी त्यांची. निम्मे पैसे आगाऊ. सोबत एक शिकाऊ मुलगी न्या, ती लिंबू-साखर टिपेल आणि तुम्हाला सोबत होईल. सुरुवातीला फक्त दुपारची कामं घेतलीत तरी काही बिघडत नाही. नवरीची मेंदी दुपारी दोनला सुरू झाली तर तिलाही बरं, रात्री वेळेवर जेवता येतं.

कोन विकण्याचा विचार सध्या सोडा. गिऱ्हाइकाच्या हातावर मेंदी काढणं ही सेवा झाली. कोन बनवून विकणं म्हणजे सौंदर्यप्रसाधनाचं उत्पादन. त्याला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या नियमांप्रमाणे राज्याच्या औषध विभागाचा परवाना लागतो. जागा, लेबल, तपासणी सगळं आलं. शिवाय तुमचा कोन फ्रीजरमध्ये टिकणारा, दुकानदार तो काउंटरवर ठेवणार. सेवेसाठी उद्यम, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून ठेवा. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटीचा विचारही नको. कर्जही काढू नका. पावडर, तेल, सेलोफेन, बॅटरीचा दिवा, बसायला बुटकं स्टूल, हाताखाली ठेवायची उशी, एवढ्यात सुरुवात होते. स्टुलावर कंजुषी नको, या कामात कंबर आधी बोलते.

राहिलं मावसबहिणीचं लग्न. चाळीस बायका, दोन हात, एक बाजू, म्हणजे ऐंशी हात. बारा मिनिटांनी सोळा तास झाले, नवरीचे सहा वेगळेच. मानापमानाचा प्रश्न पुढचा, एका माणसाला हे जमणारंच नाही. मावशींना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. नवरीची मेंदी तुमच्याकडून आहेर म्हणून द्या, मनापासून, आणि ती पाहुण्यांच्या मेंदीच्या आदल्या दिवशी वेगळी बसून काढा. चाळीस जणींसाठी दोन मुली सोबत घ्या, तिघींत काम साडेपाच तासांवर येतं. त्या दोघींचे पैसे मावशींनी द्यायचे. दोन्ही वेळी मेंदी आदल्या संध्याकाळी भिजवा, कारण मार्गशीर्षात हवा गार असेल आणि रंग सुटायला वेळ लागेल. आणि हे बोलणं आत्ताच, पत्रिका छापायला जायच्या आत उरका. मेंदीच्या कार्यक्रमाची वेळ एकदा पत्रिकेत छापली गेली की मग कुणी ऐकत नाही.